मोरसला गेलेला थोरला – असा शोध कोणी घेतलाय का?

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. सर्वपित्रीला आजी नेहमीच्या पानांशिवाय एक पान जास्तीचं वाढायची. कुणाचं विचारलं की म्हणायची, "थोरल्याचं. मोरसला गेला तो." आणि त्या पानावर सगळं वाढून झालं की शेवटी चिमूटभर साखर ठेवायची, बाकी कुठल्या पानावर नाही, फक्त त्याच. थोरला म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा मोठा भाऊ. एवढीच माहिती. आम्हाला मोरस म्हणजे वऱ्हाडातलं मोर्शी वाटायचं, वडिलांनाही तेच वाटायचं, ते एकदा ऑफिसच्या कामाला अमरावतीला गेले होते तेव्हा मुद्दाम मोर्शीला जाऊन आमच्या आडनावाचं कोणी आहे का म्हणून दोन दिवस फिरले आणि संत्री घेऊन परत आले.

आजी जाऊन आता वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात गावच्या घराचा माळा उतरवला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतले सात-आठ कागद निघाले, अर्धे वाळवीनं खाल्लेले. ते कुणाकडून वाचून घ्यावेत आणि मोर्शीकडे जुन्या नोंदी कुठे मिळतात, कोणी सांगेल का? नाव-आडनाव इथे देत नाही, घरात त्यावरून कुरबूर आहे, ते पुढे सांगतो.

चाळकरी
अहो मोर्शी कुठलं! मोरस म्हणजे मॉरिशस. आमच्या गिरगावातला वाणी गुजराती आहे, तो साखरेला अजून मोरसच म्हणतो. मॉरिशसहून बोटीनं यायची ती पांढरी दाणेदार साखर, तिचं नाव मोरस. माझी आजी पण गुळाच्या चहाला नाक मुरडून "मोरस घाल जरा" म्हणायची. तुमच्या आजींनी तर पत्ताच वाढून ठेवला होता पानात.

खाडीपलीकडचा
...
दहा मिनिटं नुसता बसून होतो हे वाचून. इतकी वर्षं ती साखर बघितली आणि एकालाही सुचलं नाही. वडील असते तर मोर्शीच्या संत्र्यांवरून स्वतःच हसले असते.

जुनी_दप्तरं
चाळकरींना +१. थोडं सविस्तर लिहितो, हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे लांबलं तर माफ करा.

इंग्रजांच्या मुलखात गुलामगिरी कायद्यानं संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडायला लागली, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. मॉरिशसला पुढच्या ७०-८० वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, म्हणजे बिहार आणि पूर्वांचलची, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सगळ्यात कमी आपल्या मुंबईहून. मुंबईच्या बोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले खूप. करार साधारण पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा, आणि एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचे. सुरुवातीला परतीचं तिकीट फुकट होतं, ते १८५० नंतर काढून टाकलं. त्यामुळे "पाच वर्षांत येतो" म्हणून निघालेला माणूस आला नाही यात त्याचा काही दोष असेलच असं नाही हो, यायला पैसे लागायचे. त्यात १८६६ ते ६८ तिथे मलेरियाची भयंकर साथ आली होती, हजारो माणसं गेली.

आता कामाचं. मॉरिशसमध्ये मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे या मजुरांची मूळ रजिस्टरं ठेवली आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण (देवीचे वण, गोंदण, कापल्याची खूण वगैरे), जिल्हा, परगणा, गाव, बोट आणि कुठल्या मळ्यावर पाठवला ते. १८६० नंतरच्या बऱ्याच लोकांचे फोटोसुद्धा आहेत, कारण जुन्या मजुरांनी फोटोवालं तिकीट जवळ बाळगायचं असा १८६७ ला कायदाच केला होता, नसेल तर पोलीस धरायचे.

पण एक लक्षात ठेवा, आडनाव शोधू नका. आपल्याकडचा माणूस स्वतःचं नाव आणि बापाचं नाव सांगायचा, कारकून त्याला ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहायचा, आणि पुढच्या पिढीला बापाचं नावच आडनाव म्हणून चिकटायचं. आडनावावरून जाल तर जन्मभर सापडणार नाही. नाव, बापाचं नाव, गाव आणि साधारण साल एवढं लागेल. साल माहीत आहे का?

खाडीपलीकडचा
साल नाही माहीत. मोडी कागदांत असेल तर. फोटो काढून कुणाला पाठवू?

मोडीवाली_मावशी
मला व्यनि (खासगी निरोप) करा. फ्लॅश बंद ठेवून, दिवसा खिडकीपाशी काढा, आणि कागद सपाट करायला इस्त्री फिरवू नका (हसू नका, एकानं फिरवली होती).

बाणकोटी
वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे कोकणी मुसलमानांत केपटाऊनला जायची पद्धत होती, मोर्बा, करजी, श्रीवर्धनकडची बरीच घरं. ते करारावरचे मजूर नाहीत, आपापल्या पैशानं तिकीट काढून गेलेले, १८८०-९० नंतर. दुकानात नोकरी, फळं-भाजीची फेरी, मग स्वतःचं दुकान. बायका-मुलं गावाला. तिथल्या सरकारनं १९०६ च्या कायद्यानं असं केलं की देशाला जायचं तर आधी परमिट काढा, आणि मुदतीत परत आला नाहीत तर हक्क गेला, पुन्हा दार बंद. त्या परमिटवर फोटो आणि अंगठ्याचा ठसा. माझ्या दादीच्या चुलत्यांची फाईल माझ्या मामेभावानं तिथल्या पुराभिलेखागारातून काढून आणली. दादीनं चुलत्याला कधी बघितलंच नव्हतं, तो फोटो बघून म्हणाली, कान आपलेच आहेत.

सांगायचं एवढंच की ज्यानं त्यांना त्रास दिला त्याच कायद्यामुळे आज आमच्याकडे त्यांचा चेहरा आहे. तुमच्याकडेही तसंच दिसतंय.

दोना_पावला
गोव्यात तर हे घरोघरी. आफ्रिकेला गेलेला तो आफ्रिकार, बोटीवर गेलेला तारवटी. नैरोबी, झांझिबार, मोझांबिक. आमचं काम जरा सोपं, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत तीन पिढ्या सापडतात, फक्त पोर्तुगीज यायला हवं आणि पाद्रीबाबाचा मूड चांगला हवा.

स्पष्टवक्ता
एक विचारू का, राग नको. दीडशे वर्षांनी शोधून करणार काय? तो गेला, त्याची मुलं तिकडची झाली, त्यांना तुमचं काही पडलेलं नसेल. आणि पडलेलं असेल तर जमिनीसाठी असेल. आमच्या शेजारच्या गावात आले होते असे दोघं, गोऱ्या बायकोला घेऊन, नमस्कार चमत्कार झाला, मंदिराला देणगी दिली, आणि पुढच्या वर्षी वकिलाची नोटीस.

चाळकरी
नोटीस मॉरिशसवाल्यांची होती की मुंबईच्या पुतण्याची? बहुतेक वेळा पुतण्याचीच असते.

खाडीपलीकडचा
घरात जी कुरबूर म्हणालो ती हीच. धाकटे काका म्हणाले, "सातबारावर आधीच २७ नावं आहेत, अठ्ठाविसावं आणायला चाललास काय समुद्रापारहून?" मी त्यांना किती समजावलं की मला फक्त तो कुठे गेला ते कळायचंय, पण त्यांना वाटतं माझ्या डोक्यात काहीतरी वेगळं आहे. आता ते माझ्या फोनलाही उत्तर देत नाहीत.

रिटायर्ड_भाऊसाहेब
३१ वर्षं तलाठ्याची नोकरी केली, त्यामुळे बोलतो. एक, सातबारा म्हणजे मालकीचा कागद नव्हे, सारावसुलीसाठी केलेली नोंद आहे ती, हे पन्नास वेळा सांगूनही लोकांना पटत नाही. दोन, सात वर्षं ज्याची कुणालाच काही खबर नाही तो मेला असं धरून चालायचं, हे जुन्या पुरावा कायद्यात १०८ कलमातच होतं. इथे १५० वर्षं झाली. काकांना म्हणावं शांत झोपा. आणि खरं सांगू का, माझ्या सबंध नोकरीत परदेशातून आलेल्या माणसानं जमीन मागितलेली मी एकदाही बघितली नाही. ते येतात, मातीची पुडी बांधून नेतात. भांडतात ते इथलेच, एका फणसाच्या झाडावरून.

मोडीवाली_मावशी
कागद वाचले. बाकीचे शेतसाऱ्याच्या पावत्या आणि एक लग्नाच्या खर्चाची यादी आहे (नारळ किती लागले ते वाचून मजा आली), पण पाचवा कागद गहाणखत आहे. शके १७८७, क्रोधन नाम संवत्सर, म्हणजे १८६५-६६. तुमच्या खापरपणजोबांनी गावच्या सावकाराला भातशेती गहाण लिहून दिली आहे. त्यातलं एक वाक्य इथे लिहू का व्यनित पाठवू?

खाडीपलीकडचा
लिहा मावशी. आता लपवायचं काय.

मोडीवाली_मावशी
वाळवीनं खाल्लेली अक्षरं सोडून असं आहे: "...वडील बंधू दर्यापार गेले, ठिकाणा नाही, सबब हे खत मी एकल्यानें राजीखुषीनें लिहून दिल्हे..." खाली नांगराची निशाणी. सावकाराची अक्षरं मोत्यासारखी सुवाच्य आहेत हो, पण तुमच्या माणसाला सही येत नव्हती.

जुनी_दप्तरं
उत्तम! मग थोरला १८६६ च्या सुरुवातीच्या आत कधीतरी गेला. यात एक गंमत आहे बघा. अमेरिकेत यादवी चालू होती तोवर तिकडचा कापूस अडला होता, म्हणून मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, गोदीत आणि भरावाच्या कामाला माणसं मिळत नव्हती, कोकणातून पडावानं जाणारा माणूस मुंबईतच खपायचा. १८६५ च्या जुलैत शेअरबाजार कोसळला आणि सगळं बसलं. तेव्हा तो मुंबईला कामाला गेला, काम सुटलं आणि मजूर भरती करणाऱ्या मुकादमानं गाठला, असं असू शकतं. हा आपला माझा तर्क, पुरावा नाही. १८६० ते ६५ मधल्या मुंबईहून सुटलेल्या बोटी आधी बघायला सांगा.

खाडीपलीकडचा
चार दिवस आलो नाही इकडे, कारण त्या "एकल्यानें" या शब्दावर अडकलो होतो. जमीन दोघांची होती, गहाण एकट्यानं टाकली, "ठिकाणा नाही" म्हणून. खरंच ठिकाणा नव्हता की माहीत होता? कारण मोरस हा शब्द तर घरात होता, पिढ्यान् पिढ्या होता. मग ठिकाणा कसा नाही? आणि दरवर्षीचं ते पान, ती साखर. मी उगाच काहीबाही विचार करतोय असं बायको म्हणते.

काकांना फोन केला. वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ती जमीन नंतर सोडवली होती का नाही ते बघ त्यात." नव्हती सोडवली. तो कागदच नाही ट्रंकेत.

रिटायर्ड_भाऊसाहेब
म्हणजे ज्या जमिनीसाठी काका रागावले ती त्यातली नाहीच. सांगा त्यांना.

कास्कावेल
नमस्कार सर्वांना. मी मॉरिशसहून लिहिते. माझी मराठी शाळेत शिकलेली आहे, घरी आम्ही क्रेओल बोलतो, म्हणून चुका माफ करा. माझ्या मैत्रिणीने ह्या धाग्याचा दुवा पाठवला आणि मी पूर्ण वाचला, शब्दकोश घेऊन.

स्पष्टवक्ता दादा, आम्हाला जमीन नको. आम्हाला गावाचे नाव वाचता येत नाही, ही आमची अडचण आहे.

माझ्या खापरपणजोबांचे वडील १८५९ मध्ये मुंबईहून आले. मी मोकाला जाऊन त्यांच्या नोंदीचा उतारा काढला. जिल्हा "रटनाघेरी". परगणा "उंजुनवेल". गाव "पाल" आणि नंतर कागदाला भोक आहे, शेवटी कदाचित "ए" किंवा "टी". जात "महराटा". डाव्या हातावर गोंदण. फोटो नाही, तेव्हा फोटो काढत नसत. माझे आजोबा गणपतीत झाकरी नाचत, गोल फिरून, पायात घुंगरू. ते गाणे आम्हाला पाठ आहे पण अर्थ कुणालाच येत नाही. खाडीपलीकडचे दादा, तुमचे थोरले मला माहीत नाहीत, पण मी पुढच्या वेळी मोकाला जाईन तेव्हा १८६० ते १८६५ बघायला सांगेन. तुम्ही माझे "पाल" बघाल का?

चाळकरी
झाकरी म्हणजे आपली जाखडी!! अंगावर काटा आला. ते गाणं रेकॉर्ड करून टाका ताई, इथे अर्थ सांगणारे शंभर निघतील.

जुनी_दप्तरं
उंजुनवेल म्हणजे अंजनवेल. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके किल्ल्यांच्या नावानं ओळखले जायचे, सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग असे, आणि आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता, तो १९८१ ला वेगळा झाला. अंजनवेल म्हणजे आजचं गुहागर-चिपळूण. आणि "पाल"वरून सुरू होणारी दोन गावं मला पटकन आठवतात, पालशेत आणि पालपेणे. शेवटी "टी" असेल तर पालशेत, "ए" असेल तर पालपेणे. एखादी वाडीही असू शकते, कारण माणूस गाव विचारलं की कधी कधी वाडीच सांगतो, आजही सांगतो.

२०२४ पासून मॉरिशसवाल्यांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) मिळायची सोय झाली आहे ना, त्यामुळे तिकडे सध्या हे उतारे काढायला गर्दी असेल. तो कागद नीट जपून ठेवा ताई, त्याला लागतोच.

कास्कावेल
हो, माझ्या भावाला कार्डासाठी पाहिजे. मला गावासाठी. आम्ही दोघे एकाच रांगेत उभे होतो.

खाडीपलीकडचा
ताई, गुहागर आमच्यापासून काही फार लांब नाही. रविवारी जाऊन येतो. थोरल्यासाठी इतक्या दूर बसून तुम्ही बघणार, तर मला एसटीनं जायला काय झालं.

स्पष्टवक्ता
पेढे घेऊन जा सोबत. रिकाम्या हातानं गेलात तर एलआयसीवाला समजतील.

खाडीपलीकडचा
जाऊन आलो. लांबलचक लिहितोय.

आधी शृंगारतळीला उतरलो, रिक्षा केली. पहिल्या गावात पोलीस पाटलांकडे गेलो, त्यांनी देवळात गुरवाकडे पाठवलं, गुरवानं शाळेतल्या गुरुजींकडे, गुरुजींनी परत पोलीस पाटलांकडे. सगळे बोलायला चांगले, चहा तीनदा झाला, पण दर्यापार गेलेलं कोणी कुणाच्या ऐकण्यात नाही. मुंबईला गेलेले विचारा, यादी देतो म्हणाले.

दुसऱ्या गावात (नाव मुद्दाम लिहीत नाही, सगळेच इथे वाचतात) एका वाडीत चार पुरुष पारावर बसले होते. मी मॉरिशसचं नाव काढल्याबरोबर एकानं विचारलं, "वकील का तुम्ही?" नाही म्हणालो. "मग कशाला आलात?" आता याला काय सांगणार, की मॉरिशसच्या एका बाईनं सांगितलं म्हणून, जिला मी बघितलेलं पण नाही. पेढे कोणी घेतले नाहीत. स्पष्टवक्ता, तुमचा अंदाज चुकला.

परत निघालो तर शेवटच्या घराच्या पडवीत एक आजीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. नव्वदीच्या तरी असतील. पाणी मागितलं. कुठून आलास, कुणाचा, सगळं झालं. मी म्हटलं, आजी, इथून फार पूर्वी कोणी मोरसला गेलं होतं का? मुद्दाम मॉरिशस म्हटलं नाही, मोरस म्हटलं.

हात थांबला त्यांचा. "आमच्यातलं कोणी नाही गेलं," म्हणाल्या, एकदम पटकन, मी अजून वाक्य पूर्ण केलं नव्हतं. आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला, येतो म्हटलं. अंगणाच्या गडग्यापर्यंत गेलो असेन तेवढ्यात मागून हाक आली.

"किती जणं आहेत रे ती?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं विचारून सांगतो. पेढ्यांचा पुडा पडवीत ठेवून आलो, तो मात्र त्यांनी परत दिला नाही.

तर ताई, किती जणं आहात?

कास्कावेल
आम्ही आता मोजले. दोन दिवस लागले, कारण काही लोक फ्रान्स आणि इंग्लंडला आहेत. १४३. छोटी मुले धरून.

आजींना सांगाल का? आणि त्या कोणाच्या आहेत ते मी आता विचारणार नाही. मी गणपतीत येऊ का? आमच्याकडे त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

चाळकरी
गणपतीत अजिबात नको ताई, अख्खी मुंबई कोकणात उतरलेली असते, एसटी मिळत नाही आणि रेल्वेचं तिकीट तर बुकिंग उघडल्या उघडल्या संपतं.

रिटायर्ड_भाऊसाहेब
दिवाळीनंतर या. भात कापून झालेलं असतं, माणसं घरी असतात.

खाडीपलीकडचा
मी पुढच्या रविवारी परत जातोय आकडा सांगायला. काका म्हणतायत मी पण येतो. पेढे तेच आणणार आहेत.